ट्यूबवरचा टक्का न वाचता दिलेले मलम

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरते, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि सांगली-मिरजेच्या औषध दुकानांत एका मलमाची मागणी वाढू लागते. गिऱ्हाईक ते नावाने मागत नाही. कोणी ‘टाचेचं मलम’ म्हणते, कोणी ‘कुरुपाचं’, तर कोणी नडगीवर चढलेले खवले दाखवून ‘काका, हे कातडं जाणारं कायतरी द्या की’ एवढेच म्हणते. दुकानदारही फळीवरची हाताला येईल ती ट्यूब काढून देतो, कारण या तिन्ही मागण्यांचे उत्तर बहुधा एकच असते : सॅलिसिलिक ॲसिड. मी चाळीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम केले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे सांगलीच्या गावभागातल्या एका दुकानात. हे औषध जितके स्वस्त आणि गुणकारी आहे तितक्याच बेफिकिरीने ते दिले-घेतले जाते, हे मी पाहिले आहे आणि काही वेळा केलेही आहे. ट्यूबवर छापलेला टक्क्याचा आकडा गिऱ्हाईक वाचत नाही, दुकानदार सांगत नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो पुष्कळदा लिहिलेलाच नसतो. त्या आकड्याविषयी थोडे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

औषध जुने आहे. युरोपात विलो नावाच्या झाडाची साल तापावर आणि दुखण्यावर पूर्वापार वापरली जाई. त्याच कुळातला वाळुंज आपल्याकडे सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी आढळतो. राफाएले पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये सॅलिसिन या सालीतल्या द्रव्यापासून हे आम्ल मिळवले, आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याच आम्लात थोडा बदल करून ॲस्पिरिन तयार केले. पोटात गेलेल्या ॲस्पिरिनचे शरीरात पुन्हा सॅलिसिलिक ॲसिडच होते. म्हणजे टाचेला लावायचे मलम आणि हृदयरोग्याची रोजची गोळी ही सख्खी भावंडे आहेत, आणि मलम कातडीवाटे पुरेशा प्रमाणात आत गेले तर ते ॲस्पिरिनचे बरेचसे गुणदोष घेऊनच आत जाते. ‘वरून लावायचं औषध, त्यानं काय होतंय’ हा आपल्याकडचा समज येथेच खोटा ठरतो.

त्याचे काम समजून घेतले तर पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो; त्या मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात आणि निरोगी माणसात वरच्या कौलांची रोज न दिसेल अशी गळती चालू असते. सोरायसिसमध्ये पेशी इतक्या भराभर तयार होतात की त्यांचे पांढरे पापुद्रे साचतात. मत्स्यचर्मात, म्हणजे ज्याला लोक ‘माशासारखी कातडी’ म्हणतात त्या जन्मजात विकारात, त्या गळायच्या तेव्हा गळत नाहीत. आणि कुरुपात किंवा घट्ट्यात दाबामुळे आणि घासण्यामुळे थरावर थर चढतात. सॅलिसिलिक ॲसिड या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करते, त्यामुळे जाड थर भिजल्यासारखा पांढरा आणि मऊ पडून सुटू लागतो. मात्र रोगट कातडी कोठे संपते आणि चांगली कोठे सुरू होते हे त्याला कळत नाही. ते ठरवायचे काम लावणाऱ्याच्या बोटाचे असते.

आता टक्क्यांकडे येतो. मुरुमांसाठीच्या साबणात आणि फेसवॉशमध्ये हे आम्ल अर्धा ते दोन टक्के असते, आणि कोंड्याच्या शाम्पूतही दोन-तीन टक्क्यांपर्यंतच. सोरायसिस, मत्स्यचर्म आणि अंगावरच्या इतर खवल्यांसाठी सामान्यतः तीन ते सहा टक्क्यांचे मलम दिले जाते. बारा टक्क्यांचे मलम तळपाय-तळहातासारख्या मुळातच जाड असलेल्या जागेसाठी असते. चामखीळ आणि कुरूप यांवर ब्रशने लावायच्या पातळ औषधात ते सतरा टक्क्यांच्या आसपास असते, बहुतेक वेळा लॅक्टिक ॲसिडच्या जोडीने, आणि कॉर्न कॅप म्हणून मिळणाऱ्या चिकटपट्टीच्या मधल्या ठिपक्यात तर चाळीस टक्के. अर्ध्यापासून चाळीसपर्यंत, म्हणजे ऐंशी पट फरक, आणि नाव मात्र सगळ्यांचे एकच. ‘सॅलिसिलिक ॲसिड द्या’ असे म्हणणे हे ‘विजेची तार द्या’ म्हणण्यासारखे आहे. ती दिव्याला लावायची की पाण्याच्या मोटारीला, हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

आम्ही शिकलो तेव्हा पुष्कळशी मलमे दुकानातच घोटली जात. गजकर्णावरचे व्हिटफिल्डचे मलम करताना शंभर ग्रॅमला सहा ग्रॅम बेंझोइक ॲसिड आणि तीन ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड तराजूत तोलून काचेच्या फळीवर घोटावे लागे. सॅलिसिलिकची भुकटी उडून नाकात गेली की शिंकांवर शिंका येत आणि दिवसभर घसा खवखवे. त्या कामात फारसा आनंद नव्हता, पण आकडा हातातून जात असल्यामुळे डोक्यात राही. तयार ट्यूब आल्या, श्रम वाचले, आणि आकडा खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत जाऊन बसला.

त्या बारीक अक्षरांचा फटका माझ्या हातून एका बाईंना बसला, आणि ते येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. नोकरीला लागून तीन-चार वर्षे झाली असतील. कवठे महांकाळकडच्या एक मावशी सोरायसिसची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर तीन टक्क्यांचे मलम स्पष्ट लिहिलेले होते, दुकानात ते संपले होते, आणि त्यांना परतीची एसटी गाठायची होती. फळीवर बारा टक्क्यांचे होते. ‘औषध तेच आहे, जरा जोराचं आहे, लवकर गुण येईल,’ असे म्हणून मी दोन ट्यूब दिल्या. त्यांनी ते गुडघ्याखाली दोन्ही पायांना आणि कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हातांना सकाळ-संध्याकाळ लावले, आणि कोणीतरी सांगितले म्हणून रात्री वरून प्लास्टिकची पिशवी फाडून गुंडाळली. सातव्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा खवले गेले होते, पण त्यांच्याबरोबर चांगली कातडीही गेली होती. नडग्या भाजल्यासारख्या लाल आणि ओल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘कानात सारखी शिट्टी वाजतीया, आन जेवण जात न्हाई.’ मी ते अशक्तपणावर ढकलले आणि त्यांना टॉनिक सुचवले. टॉनिक सुचवल्याची लाज मला त्या चुकीच्या ट्यूबपेक्षा अधिक वाटते.

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतले. ते रागावले नाहीत. त्यांनी कागदावर हिशेब मांडला, आणि तोच हिशेब मी आजवर शेकडो लोकांना मांडून दाखवला आहे. तीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये तीन टक्क्यांप्रमाणे ९०० मिलिग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड असते, बारा टक्क्यांप्रमाणे ३,६०० मिलिग्रॅम. हृदयरोग्याला रोज दिली जाणारी ॲस्पिरिनची लहान गोळी ७५ मिलिग्रॅमची असते. एका बारा टक्क्यांच्या ट्यूबमध्ये अशा ४८ गोळ्यांइतके वजन भरते, आणि मावशींनी सहा दिवसांत अशा दोन ट्यूब संपवल्या होत्या. लावलेले सगळे औषध रक्तात जात नाही हे खरे. अखंड कातडीतून त्याचा थोडाच भाग आत शिरतो. परंतु कातडी सोलवटलेली असेल, वरून प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी बांधलेली असेल आणि लावलेली जागा मोठी असेल, तर तो भाग वाढत जातो, आणि मावशींच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. कानात शिट्टी किंवा घंटा वाजल्यासारखे होणे, ऐकू कमी येणे, मळमळ, उलट्या, चक्कर, श्वास जलद चालणे, गुंगी, असंबद्ध बोलणे ही सॅलिसिलेटच्या विषबाधेची लक्षणे आहेत. त्यांतले एकही दिसले तर मलम ताबडतोब धुऊन टाकावे, रुग्णाला दवाखान्यात न्यावे, गरज वाटल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ट्यूब बरोबर घेऊन जावी. ट्यूब न्यायची ती अशासाठी की धाप लागलेल्या माणसाला पाहून ‘टाचेला काय लावता’ असे विचारण्याचे कोणाच्या मनात येईलच असे नाही. मावशींचे मलम त्याच दिवशी बंद झाले आणि चार-पाच दिवसांत कान शांत झाले.

किती जागेवर लावले म्हणजे जास्त होते, याचे माप प्रत्येकाच्या अंगावरच असते. बोटांसकट स्वतःचा एक तळहात म्हणजे शरीराच्या एकूण कातडीचा साधारण शंभरावा भाग. सॅलिसिलिक ॲसिडचे मलम एका वेळी शरीराच्या वीस टक्क्यांहून अधिक भागावर, म्हणजे वीस तळहातांहून अधिक जागेवर लावू नये, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. मावशींचे दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि दोन्ही हात कोपराखाली मिळून सुमारे तेवढीच जागा होत होती. तीन टक्क्यांच्या मलमाने त्या काठावर होत्या, बारा टक्क्यांनी पलीकडे गेल्या. मांडीपासून पावलांपर्यंतचे दोन्ही पाय म्हणजे तर छत्तीस टक्के होतात, तेव्हा ‘दोन्ही पायांना चोळा’ हा सहज दिलेला सल्लाही मर्यादा ओलांडणारा ठरू शकतो. मलम किती घ्यावे यालाही माप आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. टूथपेस्टसारखे थापण्याची गरज नसते.

लहान मुलांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक होतो, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठ्यांपेक्षा जास्त असतो. मत्स्यचर्म घेऊन जन्मलेल्या बाळाच्या अंगभर खवले असतात, आई-आजीचा जीव तुटतो, आणि मोठ्या भावाला दिलेली ट्यूब धाकट्यालाही चोळली जाते. अशा मुलांना सर्वांगाला हे मलम लावल्यामुळे जीवघेणी विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. दोन वर्षांखालच्या मुलाला ते लावूच नये, आणि त्यावरच्या मुलाला त्वचारोगतज्ज्ञांनी जागा, टक्के आणि दिवस लिहून दिल्याशिवाय लावू नये. बाळाच्या अशा कातडीला रोज अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच, साधे पांढरे व्हॅसलीन भरपूर लावणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. तो कंटाळवाणा आहे, पण तो रोज केला तर बऱ्याच मुलांना आम्लाची गरजच भासत नाही. जत आणि आटपाडीकडच्या कोरड्या हवेत हिवाळ्यात तो दिवसातून दोन-तीनदा करावा लागतो. मुलाला कांजिण्या किंवा फ्लूसारखा ताप असेल तेव्हा तर मोठ्या मुलालाही हे मलम डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये. गरोदर स्त्रियांनीही मोठ्या जागेवर लावण्यापूर्वी विचारावे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते छातीवर लावू नये.

मधुमेहींविषयी मला जरा जास्त लिहावे लागेल, कारण ऐकून घेण्याची तयारी तेथेच सर्वांत कमी आढळते. पलूस भागातले एक ऊसउत्पादक दादा पायाच्या करंगळीवरच्या कुरुपासाठी कॉर्न कॅप घेऊन गेले. साखर दहा वर्षांपासून होती. ती काउंटरवर कोणी विचारली नाही आणि त्यांनी सांगितली नाही. पट्टी लावून ते रोज पाटाच्या पाण्यात उभे राहिले. पाण्याने पट्टी सरकली, चाळीस टक्क्यांचा ठिपका कुरुपावरून बाजूच्या चांगल्या कातडीवर गेला, आणि पायाची जाणीव कमी झालेली असल्यामुळे जळजळ त्यांना कळलीच नाही. आठव्या दिवशी मोजा काढला तेव्हा वास आला. पुढे तीन महिने ड्रेसिंग चालले. बोट वाचले, पण थोडक्यात. मधुमेह, पायाचा रक्तपुरवठा कमी असणे, पायाला बधिरता असणे, यांपैकी काहीही असेल तर कॉर्न कॅप, कुरुपाचे पातळ औषध आणि बारा टक्क्यांचे मलम पायाला लावू नये. ब्लेडने कुरूप तासणे तर नाहीच. पाय डॉक्टरांना दाखवावा. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनीही हे औषध विचारूनच वापरावे, कारण आत गेलेले सॅलिसिलेट बाहेर टाकण्याचे काम याच अवयवांना करायचे असते.

ज्यांना मधुमेह नाही त्यांनाही कुरुपाविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुरूप हे दाबाचे अपत्य आहे. चप्पल तीच राहिली, तिचा खिळा किंवा शिवण त्याच जागी टोचत राहिली, तर औषधाने काढलेले कुरूप काही आठवड्यांत पुन्हा येते आणि गिऱ्हाईक ‘औषधाला गुण नाही’ म्हणून अधिक टक्क्यांचे मागते. आधी पादत्राण बदलावे. आणि सगळीच जाड कातडी घालवण्यासारखी नसते. ऊसतोडीच्या कामगाराच्या तळहातावरचा कोयत्याचा घट्टा त्या हाताचे रक्षण करत असतो. ऐन हंगामात तो सोलून काढला तर दुसऱ्याच दिवशी मुठीत फोड येतात आणि मजुरी बुडते. घट्टा चिरत नसेल, दुखत नसेल, तर त्याला रात्री तेल किंवा व्हॅसलीन पुरे.

भेगाळलेल्या टाचेच्या बाबतीत होणारी चूक तर घराघरात आहे. भेग उघडी असेल, तीतून रक्त येत असेल, तर तीवर सॅलिसिलिक ॲसिड लावणे म्हणजे जखमेवर आम्ल ओतणेच होय. आधी भेग भरू द्यावी. त्यासाठी कोमट पाण्यात पाय भिजवून, टिपून, व्हॅसलीन किंवा आपल्याकडचे कोकम तेल लावून सुती मोजे घालून झोपणे हे सोपे आणि निर्धोक आहे. भेगा भरल्यावर कडेची टणक कातडी मऊ करण्यासाठी दहा ते पंचवीस टक्के युरियाचे क्रीम बहुतेक टाचांना पुरते. ‘युरिया’ म्हटले की आमचे शेतकरी गिऱ्हाईक हसते आणि ‘मग पोत्यातलाच लावतो की’ म्हणते. रेणू तोच असला तरी खताचा युरिया कातडीला लावण्याच्या शुद्धतेचा नसतो, म्हणून ती थट्टा थट्टेपुरतीच ठेवावी. बिब्बा मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. टाचेला किंवा कुरुपाला बिब्ब्याचा चटका देण्याची पद्धत खेड्यांत अजून आहे, आणि बिब्बा उतून अंगभर पुरळ आलेले, तोंड सुजलेले लोक मी पाहिले आहेत. बिब्बा किंवा चुना लावून भाजलेल्या जागेवर पुन्हा सॅलिसिलिक ॲसिड लावणारेही पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे हे मला सुचत नाही.

प्रत्यक्ष लावण्याची रीत अवघड नाही. जागा पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी, पायाच्या दगडाने किंवा खरखरीत टॉवेलने सुटलेला थरच काढावा, रक्त येईपर्यंत घासू नये. पूर्ण कोरडे करावे. सभोवतालच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचा बांध घालावा आणि मग फक्त जाड भागावर मलमाचा पातळ थर द्यावा. मलम शक्यतो रात्री लावावे, सकाळी धुवावे. हातांनाच लावायचे नसेल तर लावून झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. चुकून डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन डॉक्टर गाठावा. थोडीशी चुणचुण आणि कातडी पांढरी पडणे अपेक्षित असते. आग होणे, लाली पसरणे, पाणी सुटणे अपेक्षित नसते, आणि तसे झाले तर मलम बंद करावे. प्लास्टिक गुंडाळण्याचा प्रयोग डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय करू नये. कुरुपासाठी साधारण दोन आठवडे आणि चामखिळीसाठी बारा आठवडे ही घरगुती वापराची मर्यादा समजावी. त्यानंतरही जागा तशीच असेल तर टक्के वाढवण्याऐवजी निदान तपासून घ्यावे. ब्रशने लावायचे पातळ औषध पेट घेते, त्यामुळे देवघरातल्या समईजवळ किंवा चुलीपाशी बसून ते लावू नये.

चेहरा, ओठ, जननेंद्रिये, काखा आणि जांघा यांवर, जन्मखुणेवर, तिळावर आणि केस उगवलेल्या चामखिळीवर कुरुपाचे किंवा चामखिळीचे औषध लावायचे नाही. रंग किंवा आकार बदलणारा तीळ आणि वारंवार रक्त येणारी जाड जागा यांचे काम मलमाचे नसून तपासणीचे आहे. त्याचप्रमाणे जो चट्टा बधिर आहे, जेथे टाचणी टोचलेली कळत नाही, तेथे कोणतेही ‘कातडं जाणारं’ मलम लावत बसू नये, कारण तो कुष्ठरोगाचा असू शकतो. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय कित्येक दशके काम करत आहे, कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, आणि तरीही बधिर चट्ट्यावर गजकर्णाचे मलम चोळण्यात वर्ष घालवलेली माणसे भेटतात.

दुसऱ्या औषधांबरोबरचे याचे नाते लोकांना ठाऊक नसते. सांधेदुखीवर चोळायच्या अनेक बामांत आणि गंधपुऱ्याच्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट असते, तेही याच घराण्यातले. घरातले वडीलधारे सकाळी ॲस्पिरिनची गोळी घेतात, दुपारी गुडघ्याला बाम चोळतात आणि रात्री नडगीला हे मलम लावतात, आणि तिन्ही नावे वेगळी असल्यामुळे ते एकाच द्रव्याची तीन मापे घेत आहेत असे कोणाच्याच लक्षात येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू असतील तर मोठ्या जागेवर मलम लावण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. सोरायसिसच्या कॅल्सिपोट्रिऑल या मलमावर सॅलिसिलिक ॲसिड लावले तर ते मलम निकामी होते. अतिनील किरणांचे उपचार घ्यायला जाताना अंगाला हे मलम लावून गेले तर किरणांचा परिणाम कमी होतो, कारण ते किरण अडवते. दोन्ही उपचारांचे पैसे वाया जातात, एवढे तरी लोकांनी ध्यानात घ्यावे.

सर्वांत जास्त गोंधळ जोडमलमांचा आहे. सॅलिसिलिक ॲसिडबरोबर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड घातलेली मलमे बाजारात भरपूर आहेत. जाड खवल्यांच्या सोरायसिसमध्ये ती उपयोगी आहेत, यात वाद नाही. आम्ल वरचा थर सैल करते आणि स्टेरॉइड खोलवर पोहोचते. पण आत पोहोचण्याची हीच सोय चुकीच्या ठिकाणी घातक ठरते. जांघेतल्या गजकर्णाला असे मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र स्टेरॉइडच्या आडोशाने पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप इतके बदलते की पुढे तज्ज्ञालाही ते ओळखणे कठीण जाते. शिवाय कातडी कागदासारखी पातळ होते, पांढऱ्या-तांबड्या रेघा उमटतात, आणि त्या जात नाहीत. चौदा स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. हा नियम किती पाळला जातो हे मी माझ्याच व्यवसायबंधूंविषयी लिहू नये. गिऱ्हाइकाने मात्र ट्यूबवर ‘सॅलिसिलिक ॲसिड’ हे नाव दिसले म्हणून ती साधी ट्यूब आहे असे समजू नये आणि त्याच्या शेजारी दुसरे कोणते नाव छापले आहे तेही वाचावे.

डॉक्टरांना माझी विनंती आहे की चिठ्ठीवर या मलमाचे टक्के, लावायची जागा आणि दिवस या तीन गोष्टी मराठीत लिहाव्यात. ‘लोकल ॲप्लिकेशन’ एवढ्याने रुग्णाला काहीच कळत नाही. औषध कंपन्यांनी टक्क्याचा आकडा औषधाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापला तर पुष्कळ चुका टळतील, आणि तसे बंधन अन्न व औषध प्रशासनाने सुचवायला हरकत नसावी. दुकानदारांसाठी माझ्याकडे नवीन असे काही नाही. ट्यूब देण्यापूर्वी ‘कुठं लावायचं आहे, कुणाला लावायचं आहे, साखर आहे का’ असे तीन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. चिठ्ठीत लिहिलेल्या टक्क्याचे मलम नसेल तर ‘नाही’ म्हणावे आणि शेजारच्या दुकानात पाठवावे. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल. मी अजूनही गुरुवारी सायंकाळी जुन्या दुकानात तासभर बसतो, आणि या मलमाचे खोके हातात देण्यापूर्वी त्यावर जाड पेनाने टक्के आणि ‘पाय’ किंवा ‘कोपर’ असे लिहून देतो. परवा एका सूनबाईंनी जुने खोके परत आणून विचारले, ‘काका, यावर तुम्ही “फक्त टाच” लिहिलंय, सासूबाई मानेला लावायचं म्हणतात, चालेल का?’ चालणार नव्हते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट,
गावभाग, सांगली